थंडी येते, गाव निघतं

गेल्या कार्तिकात आठ-दहा दिवस धानोऱ्याला जाऊन राहिलो. नंदुरबार तालुक्यातलं हे गाव. गुजरातची हद्द इथून फार लांब नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीत मी या भागात होतो. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमच्या शाखेत त्या वेळी शिपाई असलेले भाऊ आता धानोऱ्यात राहतात. वयाने माझ्याहून मोठे, पण अजूनही मला 'साहेब'च म्हणतात. नका म्हणू, असं सांगून दमलो आणि सांगणं सोडून दिलं.

पहिल्याच पहाटे त्यांनी मला उठवलं. "साहेब, चला. डोंगर दिसतो का बघून येऊ."

गावाबाहेरच्या टेकाडावर गेलो. गवत दहिवराने इतकं भिजलं होतं की चपला पायातून निसटत होत्या. उजाडू लागलं तशी उत्तरेला, तापीच्या पलीकडे, एक काळी-निळी रेघ वर आली. सातपुडा. पावसाळाभर तो ढगात असतो आणि आश्विनात उकाड्याच्या धुरकटात बुडालेला. वारा उत्तरेचा झाला, हवा कोरडी झाली की त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. भाऊ बराच वेळ पाहत राहिले.

"दिसला. आता आठ दिवसांत थंडी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे पुतण्या निघणार."

थंडीचा आणि पुतण्याच्या निघण्याचा काय संबंध, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. मलाही ते कळायला फार वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट आहे.

* * *

शहरात थंडी म्हणजे कपाटातून स्वेटर काढायचा दिवस. काल नव्हती, आज आली. सातपुड्याच्या मुलखात ती हप्त्याहप्त्याने येते आणि प्रत्येक हप्त्याची पावती झाडापानांवर मिळते.

आधी पाऊस जातो. खुरासणीची शेतं पिवळीधम्मक होतात. माळावर तिखाडी गवताला तुरे येतात. पूर्वी खानदेशात या गवताचं तेल काढत. अजूनही मूठभर गवत चोळून नाकाशी धरलं तर त्या तेलाची आठवण येते. ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि गोफण घेतलेली पोरं दिवसभर मचाणावर ओरडत बसतात. मग येतो ऑक्टोबरचा उकाडा. दुपारी उन्हाळा, पहाटे हिवाळा, अशी घराघरात सर्दी वाटत फिरणारी हवा.

याच दिवसांत ओढ्याच्या काठावर धोबी पक्षी येतो. करड्या अंगाचा, शेपूट सारखी वरखाली करणारा. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे उन्हाळा काढून तो इकडे उतरतो. तिकडे गारठा सुरू झाला, ही बातमी आपल्याकडे पहिल्यांदा आणतो तो हा पोस्टमन. सागाच्या पानांची किडीने जाळी करून टाकलेली असते. आता ती कडेने तांबूस होतात आणि वाऱ्यावर कागदासारखी वाजू लागतात. गवत हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं राखी होतं. त्यातून चालून आलात तर धोतराला, पॅन्टला, पायमोज्यांना कुसळं. संध्याकाळी ओसरीवर बसून कुसळं काढणं हा या दिवसांतला घरगुती उद्योगच आहे. डोंगरउतारावरच्या कढईच्या झाडांची पानं गळतात आणि त्यांचे पांढरे बुंधे चांदण्यात उभ्या माणसांसारखे दिसतात. तुरीला फूल येतं. सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया डोंगरातून बाजाराला उतरतात. सीताफळ संपत आलं, आवळा दिसू लागला की समजावं, शेवटचा हप्ता राहिला.

धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंब्याची यात्रा भरते. अस्तंबा हे १,३२५ मीटर उंचीचं सातपुड्याचं शिखर, अक्राणी भागातलं. महाभारतातला अश्वत्थामा कपाळाची भळभळती जखम घेऊन याच डोंगरात फिरतो आणि वाटसरूंकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी इथली श्रद्धा. तळोद्याकडून तरुण पोरांचे जथे रातोरात डोंगर चढतात. तरुणपणी मीही एकदा गेलो होतो. खाली घामाने सदरा भिजला होता आणि वर पोचल्यावर दात वाजत होते. हजार मीटर चढलं की साधारण सहा-साडेसहा अंशांनी हवा गार होते, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य मला तिथे अंगाने कळलं. माझ्यासोबतचा एक पोरगा म्हणाला होता, "थंडी इथे राहते. यात्रा झाली का आमच्या मागे मागे खाली येते."

* * *

थंडी जिथे राहते ती घरं म्हणजे तोरणमाळ आणि डाब.

तोरणमाळ आपल्याला थंड हवेचं ठिकाण म्हणून माहीत असतं. शहाद्याहून निघायचं, सातपायरीचा घाट चढायचा, की पावणेचार हजार फुटांच्या आसपासचं पठार लागतं. तिथला यशवंत तलाव मार्गशीर्षातल्या पहाटे दिसतच नाही. वाफेची एक दुलई तेवढी दिसते. सीताखाईच्या कड्यावरून पावसाळ्यात कोसळणारं पाणी तोपर्यंत बारीक झालेलं असतं. शनिवार-रविवारी गाड्या येतात, शेकोट्या पेटतात, फोटो निघतात.

डाबला तेवढी गर्दी नसते. अक्कलकुवा तालुक्यातलं, याहामोगी मातेशी जोडलेलं म्हणून आदिवासी समाजात मोठा मान असलेलं हे गाव. इथे आणि जवळच्या वालंब्याला कडाक्याच्या थंडीत दहिवर गोठतं. पहाटे गवताच्या गंजीवर, घराच्या छपरावर, उभ्या जीपच्या टपावर पांढरा थर दिसतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'सातपुड्यात बर्फ' असा मथळा येतो.

हा बर्फ आकाशातून पडत नाही, तो जागेवरच धरतो. रात्र निरभ्र असली, वारा पडलेला असला आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब मोकळ्या आकाशाला देऊन टाकते. ढग असते तर त्यांनी गोधडीसारखी ती अडवली असती. जमिनीलगतची गार हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगटात साचते. तापमापक पेटीत माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेला असतो. तो तीन-चार अंश दाखवत असतानाही खाली गवताचं पातं शून्याखाली गेलेलं असतं. म्हणून 'चार अंशांना बर्फ कसा?' असं विचारणाऱ्यांना गवताकडे वाकून पाहायला सांगावं.

ही थंडी तयार होते मात्र फार वर, काश्मीर-हिमाचलात. पश्चिमेकडून येणारे वादळी पट्टे तिथे बर्फ टाकून पुढे सरकतात, मागे आकाश निवळतं आणि उत्तरेचा वारा राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात उतरतो. म्हणून महाराष्ट्रात थंडीची लाट आली की पहिली पंगत बहुधा खानदेशाची असते.

गुलमर्गला बर्फ पडला की नाही, ही चौकशी माझ्या घरातही असते. आमच्या नातवाला बर्फावरून घसरायची हौस. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फच नव्हता. महिनाअखेरीस तो आला. २०२५ साली तर तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. सहल पुढे गेली म्हणून नातवाने तोंड पाडलं होतं. तिथले घोडेवाले, ढकलगाडीवाले, हॉटेलांतली पोरं यांचं वर्षच त्या बर्फावर असतं. त्यांनी काय पाडलं असेल?

* * *

वाट पाहणं इथेही पोटासाठीच असतं. गव्हाला फुटवे यायला गारठा लागतो. दाणा भरताना ऊन तापलं तर गहू बारीक राहतो. मार्च २०२२ हा देशातला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा, सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि गव्हाने त्याचा दंड भरला. हरभरा दहिवरावर वाढतो, असं जुनी माणसं सांगतात. मात्र ढगाळ हवा आली की त्याच हरभऱ्यावर घाटेअळी पडते.

आणि मिरची. नंदुरबारच्या बाजारात दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची यायला लागते. व्यापारी ती विकत घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. नजर पोचेल तिथवर लाल जमीन, आणि तिच्यात तोंडाला फडकं बांधून मिरची उलथणाऱ्या बाया. वाळून तिचा तिसरा-चौथा हिस्सा उरतो. त्यासाठी लागतं कोरडं ऊन आणि स्वच्छ आकाश, म्हणजेच थंडीचं आकाश. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा पथारीवरची मिरची भिजली. भिजलेली मिरची काळी पडते. काळी मिरची कोण घेणार? ज्या बाईची मजुरी मिरची उलथण्यावर असते, तिचा दिवस त्या चिखलात जातो.

ऋतूंची वेळ हलली आहे, हे आता सरकारी दफ्तरातही आहे. पावसाचा परतीचा प्रवास वायव्य भारतातून सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती. हवामान खात्याने २०२० साली ती १७ सप्टेंबर केली. बँकेच्या भाषेत याला कर्जाची फेरमांडणी म्हणतात. मोठ्या कर्जदाराला ती सहज मिळते. पावसालाही मिळाली. डोंगरातल्या माणसाला ती कधी मिळाली नाही, आणि न देणाऱ्यांत मी होतो.

* * *

१९८६ चा डिसेंबर. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली शेळ्यांसाठी, बैलांसाठी कर्जं दिलेली होती आणि वसुलीची मोहीम निघाली होती. मी शेतकी अधिकारी, वय पंचवीस, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. जीप एका पाड्याच्या तोंडाशी थांबली. काय सुंदर सकाळ होती! कुडाच्या भिंतींवरून वाफ निघत होती, तुरीची फुलं उन्हात चमकत होती. पण पाड्यात चिटपाखरू नव्हतं. एकेका दारावर काटेरी फांदी आडवी लावलेली. कुलूप विकत घेण्याइतकं आत काही नसतं, तेव्हा काट्याची फांदी पुरते.

एका ओसरीवर एक म्हातारी दोन लहान नातवंडांना घेऊन ऊन खात बसली होती. सगळे कुठे गेले म्हणून भाऊंनी तिला तिच्या भाषेत विचारलं. तिने पश्चिमेकडे हात केला. उसाला गेले. केव्हा येणार? होळीला. मी म्हटलं, पण हप्ता डिसेंबरात आहे. भाऊंनी ते तिला सांगितलं. ती माझ्या हातातल्या जाड वहीकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "याच्या वहीत होळी केव्हा येते?"

आम्ही हसलो. संध्याकाळी शाखेत बसून मी त्या बारा खात्यांपुढे शेरा लिहिला : 'कर्जदार फरार.' फरार! होळीला परत येणार असं सांगून गेलेली, देव, कोंबड्या आणि म्हातारी आई घरी ठेवून गेलेली माणसं फरार. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्या बारांतल्या एकाने विहिरीवरच्या इंजिनासाठी अर्ज केला होता; जुना शेरा पाहून तो नामंजूर झाला, हे भाऊंनीच मला नंतर कधीतरी सांगितलं. विहिरीला पाणी होतं. इंजिन मिळालं असतं तर गहू झाला असता, आणि गहू झाला असता तर तो माणूस हिवाळ्यात घरी राहिला असता. माझ्या दोन शब्दांनी त्याला पुन्हा उसाच्या वाटेला लावलं. नोकरीत मी याहून मोठ्या चुका केल्या असतील, पण ही एक अजून झोप मोडते.

आता तो संबंध सांगतो. थंडी पडली, रात्री गार आणि दिवस कोरडे झाले की उसाची वाढ मंदावते आणि त्यात साखर उतरते. साखर उतरली की कारखान्यांची गाळपं भरात येतात. गाळपासाठी तोडणारे हात लागतात. म्हणून दिवाळी झाली की पाड्यापाड्यावर मुकादम येतो. काही ठिकाणी तो पावसाळ्यातच येऊन गेलेला असतो. घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा उचल देऊन जातो आणि थंडीत ती वसूल करायला येतो. त्याच्या वहीत होळी असते, पाऊस असतो, पोटातली भूकही असते. आमच्यापेक्षा ती वही हुशार होती, एवढं मला कबूल करायला हवं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या उसात येणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच नाव होतं, आजही आहे. ज्या तापीच्या काठाने हा जिल्हा वसला तिचंच पाणी उकाई धरणातून सुरत जिल्ह्याच्या उसाला मिळतं. पाण्यामागून माणसंही तिकडे वाहत जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतले बाक रिकामे होतात ते याचमुळे. ज्या थंडीची सगळा डोंगर वाट पाहतो, ती आली की तिला पाहायला डोंगरातली धडधाकट माणसं उरत नाहीत. गोठलेल्या दहिवराचे फोटो काढतो तो पाहुणा. ते ज्याच्या छपरावर धरलं तो माणूस त्या पहाटे परक्या मुलखात मोळ्या बांधत असतो.

* * *

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती मला याच फेरीत दिसली. डाबच्या परिसरात काही आदिवासी शेतकरी आता स्ट्रॉबेरी लावतात. महाबळेश्वरची मिजास असलेलं हे फळ सातपुड्यातल्या गारठ्यात रुजलं. पावसाळा सरता सरता रोपं लावायची, हिवाळाभर फळ काढायचं, टोपल्या भरून रस्त्याकडेला विकायचं. एका मळ्यात मी बायकोला, मुलांना, आईला एकत्र काम करताना पाहिलं. डिसेंबरात पूर्ण घर घरी! थंडी फार झाली तर फळ करपतं, म्हणून धनी रात्री उठून आभाळाकडे बघतो. काळजी आहेच. पण ती स्वतःच्या वाफ्याची काळजी आहे.

थंडी तीच, डोंगर तोच. एकाला ती घराबाहेर काढते, दुसऱ्याला घरी ठेवते. फरक पाण्याचा आणि वेळेवर मिळालेल्या चार पैशांचा. एवढं समजायला मला पूर्ण नोकरी आणि निवृत्तीनंतरची काही वर्षं लागली.

धानोऱ्यातून निघायच्या आदल्या रात्री थंडी आली. भाऊंनी सांगितली होती तशीच, आठव्या दिवशी. त्याच रात्री ट्रक आला. भाऊंच्या पुतण्याने एक गोणी ज्वारी, दोन पातेली, गोधड्या आणि कोयता वर चढवला. धाकटं पोर आईच्या पाठीला बांधलेलं. थोरली मुलगी आजोबांकडे राहणार होती, शाळेसाठी. तिने रडू नये म्हणून भाऊंनी तिला धोब्याची नक्कल करून दाखवली, शेपूट हलवत चालणारी. ती हसली, आणि ट्रकचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला तेव्हा गप्प झाली.

जानेवारीत भाऊंचा फोन आला. "साहेब, काय थंडी पडली आहे! आत्ता यायला हवं होतं तुम्ही."

"पुतण्याचा फोन येतो का?" मी विचारलं.

"येतो की. पहिलं हेच विचारतो, अंगणात दहिवर पडतं का. म्हटलं, पडतं. म्हणाला, इथेही पडतं. पण उसाचं ओलं पान फार कापतं, काका."